सायकल मुलाला पेलली पाहिजे

आमच्या रद्दीवाल्याच्या काट्याला मी एकदा माझ्या मुलीची सायकल टांगली. काटा १३.८ किलोवर थांबला. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, वजन २३ किलो. म्हणजे सायकल तिच्या वजनाच्या साठ टक्के भरली. माझं वजन ७० किलो. तोच हिशेब मला लावला, तर माझी सायकल ४२ किलोंची व्हायला हवी. घरातला भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोंचा असतो. त्यात १२ किलो तांदूळ मिळवा, एवढं ओझं झालं. एवढ्या वजनाची सायकल घेऊन पुण्यातल्या वेताळ टेकडीचा चढ मी कधीच चढलो नसतो, आणि तिला मात्र दर रविवारी खालून ओरडून सांगत होतो, "जोर लाव, जोर लाव!"

ती सायकल काही वाईट नव्हती. २० इंची चाकं, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, पुढे शॉकअप, मागे-पुढे मिळून २१ गिअर, जाड टायर. मुलांच्या सायकलींच्या दुकानात अशाच सायकली समोर मांडलेल्या असतात, आणि मुलंही त्यांच्याकडेच धावतात, कारण त्या मोठ्या माणसांच्या डोंगरी सायकलीसारख्या दिसतात. अडचण नेमकी तिथंच आहे. मोठ्यांच्या सायकलीचा जवळजवळ प्रत्येक भाग लहान आकारात आणि स्वस्त लोखंडात बनवला जातो. तो दिसतो तसाच, पण मुलाच्या अंगाला त्याचा उपयोग होत नाही, वजन तेवढं राहतं. चार वर्षांच्या अनुभवानंतर माझं मत पक्कं झालं आहे. जाहिरातीत ज्या गोष्टी मोठ्या अक्षरांत छापतात, त्याच बहुतेक मुलांची दमछाक करतात. सायकल हलकी करायची तर आधी या गोष्टी काढायला हव्यात. पैसे त्यानंतर लागतात, आणि तेही बेताचेच.

परदेशात हे काही कंपन्यांच्या आधीच लक्षात आलं. इंग्लंडमध्ये इस्ला राउंट्री या सायकलपटू बाईंनी 'इस्लाबाइक्स' सुरू केली, ती खास मुलांच्या मापाच्या हलक्या सायकलींसाठी. २०२३ मध्ये त्यांनी सायकली बनवणं थांबवलं, पण तोवर त्यांचा विचार सगळीकडे पसरला होता. ऑस्ट्रियातल्या 'वूम' कंपनीची २० इंची सायकल ८ किलोंच्या आत बसते. या सायकलींना शॉकअप नाही, पुढे एकच दातेरी चाक, हँडल अरुंद, ब्रेकची मूठ लहान पंज्याला पोचेल अशी. किंमत मात्र चारशे युरोंच्या आसपास किंवा पुढे. दोन-तीन वर्षांत लहान होणाऱ्या वस्तूवर एवढा खर्च बहुतेक मराठी घरांना परवडणारा नाही. पण त्यांनी काय केलं ते पाहून आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीकडून बरंचसं करून घेता येतं.

डोंगरी सायकलीचा जन्मच मुळात असा काढून टाकण्यातून झाला आहे. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीमधली तरुण मंडळी जुन्या बाजारातून १९३०-४०च्या काळातल्या जाड टायरांच्या श्विन सायकली उचलत, त्यांचे मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड काढून टाकत आणि डोंगरातल्या मातीच्या वाटेनं खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ला तिथं 'रिपॅक' नावाची पहिली शर्यत झाली. उतारावर मागच्या हबमधला ब्रेक एवढा तापे की आतलं ग्रीस जळून जाई आणि हब पुन्हा ग्रीसनं भरावा लागे, म्हणून ते नाव. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची ही पुढे गाजलेली नावं त्याच गोतावळ्यातली. त्यांच्या हातात पैसा नव्हता. पाना, हातोडा आणि भंगार, एवढंच भांडवल होतं.

तर आपणही पान्यापासूनच सुरुवात करू. साइड स्टँड, कॅरिअर, चेनवरचं पत्र्याचं कव्हर, पुढची टोपली आणि बाजूच्या चाकांचे उरलेले लोखंडी पाय, हे सगळं काढलं तेव्हा पिशवीत ९०० ग्रॅम लोखंड जमा झालं. खर्च शून्य, वेळ अर्धा तास. मडगार्ड मी पावसाळ्यापुरते ठेवले, कारण चिखलानं भिजलेली पाठ घेऊन मूल घरी आलं की सायकल आठवडाभर बंद होते. रिफ्लेक्टर आणि घंटी मात्र काढायची नाही. त्यांचं वजन नगण्य आहे आणि काम मोठं आहे.

नंतर चिमटा, म्हणजे पुढचा फोर्क. स्वस्त सायकलीतला शॉकअप सव्वादोन-अडीच किलोंचा असतो. आत लोखंडी स्प्रिंग आणि प्लास्टिकच्या चकत्या. ही स्प्रिंग दाबायला मुलाचं वजन पुरत नाही. घरी करून बघा. मुलाला सायकलीवर बसवा, पुढचा ब्रेक दाबायला सांगा आणि हँडलवर पूर्ण भार टाकायला सांगा. बहुतेक वेळा चिमटा अर्ध्या सेंटिमीटरच्या वर खाली जात नाही. म्हणजे मूल दोन किलोंचा साधा दांडा वाहतं आहे. मी तिथं स्टीलचा साधा ताठ चिमटा बसवला, १.२ किलो वाचले, आणि मुलीला धक्के जास्त बसतात असं ती एकदाही म्हणाली नाही. तेवढा धक्का २ इंची टायर खातो.

हा भाग बदलताना तीन मापं जुळली पाहिजेत. चिमट्याच्या वरच्या नळीची जाडी आणि ती आटेवाली आहे की बिनआट्याची, हे पहिलं. तुमच्या सायकलीला व्ही-ब्रेक असतील तर चिमट्यावर ते लावायचे खुंट आहेत ना, हे दुसरं. तिसरं माप बहुतेक जण विसरतात. चाकाच्या आसापासून चिमट्याच्या खांद्यापर्यंतची उंची. शॉकअपवाला चिमटा उंच असतो. त्याजागी फार बुटका चिमटा घातला तर सायकलीचं तोंड खाली जातं, हँडल चटकन वळायला लागतं आणि उतारावर मूल पुढे झुकतं. दीड-दोन सेंटिमीटरचा फरक चालतो. चार चालत नाही. मिस्त्री म्हणेल, "बसतंय की!" पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं.

गिअरचं गणित मला सगळ्यात आवडलं. पुढे तीन आणि मागे सात मिळून २१ गिअर, असं स्टिकरवर होतं. मुलगी त्यातले तीन वापरायची. पुढचा शिफ्टर तिच्या मनगटानं फिरतच नव्हता, म्हणून सगळ्यात हलका गिअर असूनही तो तिच्या वाट्याला कधी आला नाही. आम्ही पुढचं सगळं प्रकरण काढलं, शिफ्टर, तार, चेन सरकवणारा पत्रा आणि दोन जादा दातेरी चाकं. पुढे ३२ दात्यांचं एकच चाक ठेवलं आणि मागे १४ ते ३४ दात्यांचं सात पदरी फ्रीव्हील घातलं. २० इंची चाक एका फेऱ्यात साधारण १.५५ मीटर पुढे जातं. पुढे ३२ आणि मागे ३४ दाते असताना पायडलच्या एका फेऱ्यात सायकल दीड मीटरभर सरकते. जुन्या सायकलीच्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये ती सव्वा मीटरच्या थोडी पुढे जायची. फरक फार नाही, आणि नवा गिअर अंगठ्यानं सहज पडतो. दुसऱ्या टोकाला, म्हणजे मागे १४ दात्यांवर, मिनिटाला ८० फेरे मारले तर वेग ताशी १७ किलोमीटर होतो. आठ वर्षांच्या मुलीला यापेक्षा वेग कशाला हवा? सहा वर्षांच्या आतल्या मुलाला तर गिअरच नकोत. एक दातेरी चाक, हलका दाब, एवढं पुरे.

आता ज्याच्याकडे कुणीच बघत नाही त्या भागाबद्दल. पायडल ज्या दांड्याला लावलेलं असतं त्याला आपण क्रँक म्हणतो. ढोबळ नियम असा की क्रँकची लांबी उंचीच्या दहाव्या हिश्श्याइतकी असावी. मुलीची उंची १२४ सेंटिमीटर होती, म्हणजे क्रँक साधारण १२४ मिलिमीटर हवा. सायकलीवर होता १५२ मिलिमीटरचा. माझी उंची १७५ सेंटिमीटर. त्या प्रमाणात मला २१५ मिलिमीटरचा क्रँक लावावा लागला असता, आणि मोठ्यांच्या सायकलींवर १७०-१७५ चा असतो. प्रत्येक फेऱ्यात गुडघा छातीकडे यायचा, कंबर डावी-उजवीकडे डुलायची. मला वाटायचं ती आळस करते आहे. प्रत्यक्षात ती दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होती.

आपल्याकडे आखूड क्रँक शोधून मिळणं कठीण. म्हणून भंगारातल्या एका सायकलीचा एकेरी दातेरी चाकाचा अ‍ॅल्युमिनियम क्रँक घेतला आणि लेथवाल्याकडे गेलो. त्यानं दांडा शिकंज्यात धरला, जुन्या भोकाच्या केंद्रापासून २५ मिलिमीटर आत खूण केली, आधी बारीक आणि मग मोठं ड्रिल मारलं आणि हातानं आटे पाडले. पायडलचे आटे ९/१६ इंची, इंचाला २० असतात. पण खरी गंमत पुढे आहे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नाहीतर चालवता चालवता ते सुटून येईल. त्यामुळे लेथवाल्याकडे सुलटा आणि उलटा असे दोन्ही टॅप असले पाहिजेत. आमच्या लेथवाल्याकडे उलटा नव्हता. तो त्यानं शेजारच्या शेडमधून मागून आणला. तेल सोडत, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे, असा टॅप फिरवत तो काम करत होता आणि अ‍ॅल्युमिनियमचा चमकता कीस कागदावर पडत होता. १२७ मिलिमीटरचा क्रँक तयार झाला. हे काम फक्त भरीव दांड्यावर करायचं. पोकळ दांड्याला चुकूनही भोक पाडू नये. नवं आणि जुनं भोक यांच्यामध्ये किमान एक सेंटिमीटर धातू उरला पाहिजे, आणि भोक सरळ काटकोनात पाहिजे, वाकडं पडलं तर पायडल डुलतं. क्रँक बदलला की मधला एक्सेलही बदलावा लागतो. तीन चाकांसाठीचा एक्सेल लांब असतो. त्यावर एकच चाक बसवलं तर चेन तिरकी चालते आणि उतरते. चेन मागच्या मधल्या चकतीशी सरळ रेषेत यायला हवी.

टायर-ट्यूब बदलून ६०० ग्रॅम कमी झाले, आणि हे ६०० ग्रॅम बाकीच्यांपेक्षा मोलाचे आहेत. चाकाच्या कडेवरचं वजन सायकलीबरोबर पुढेही जातं आणि गोलही फिरतं. त्यामुळे वेग घेताना कडेवरच्या एका ग्रॅमला जवळजवळ दोन ग्रॅमइतकी ताकद लागते. चढावर एकसारख्या वेगानं जाताना हा फरक राहत नाही, हेही खरं. पण मूल एकसारख्या वेगानं कुठे जातं? थांबतं, दगड उचलतं, मित्राला हाक मारतं, पुन्हा निघतं. प्रत्येक वेळी निघताना हलकं चाक त्याला सोपं जातं. रिम लोखंडी असतील तर त्याही बदलून घ्या, आणि इथं वजनापेक्षा मोठं कारण आहे. क्रोम केलेली लोखंडी रिम पावसात ओली झाली की ब्रेकचे गुटके तिच्यावर नुसते घसरतात. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातही पकड खूपच चांगली राहते. जून ते सप्टेंबर असा पावसाळा असलेल्या मुलखात लोखंडी रिमची सायकल मुलाच्या हातात देऊ नये असं मला वाटतं.

टायर निवडताना परदेशी सल्ला जसाच्या तसा उचलू नका. तिकडचे लोक कागदासारख्या पातळ ट्यूबा सुचवतात. आपल्या टेकड्यांवर बाभळी आहेत. मी पहिल्याच महिन्यात पाच पंक्चर काढली आणि शहाणा झालो. मधल्या जाडीचा टायर, साधी ट्यूब आणि मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हमधून आत सोडलेलं सीलंट, हे वजनात थोडं जास्त पडतं, पण मूल घरापासून दोन किलोमीटरवर अडकत नाही. हवेचंही असंच. दुकानातला कॉम्प्रेसर ४० पाउंडांच्या पुढे हवा भरतो आणि टायर दगडासारखा होतो. २३ किलोंच्या मुलीला २ इंची टायरमध्ये १५ ते २० पाउंड हवा पुरते. हवा कमी केल्यावर तिची सायकल मुरमावर घसरायची थांबली, आणि त्याला पैसे लागले नाहीत.

सीट, सीटची नळी, हँडल आणि त्याचा स्टेम लोखंडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचे घातले की आणखी ८०० ग्रॅम जातात. हँडल मी दोन्ही बाजूंनी कापून ५२ सेंटिमीटरचं केलं, कारण मुलाचे खांदे अरुंद असतात. कापल्यावर टोकं घट्ट बुचांनी बंद केलीच पाहिजेत. पडताना उघडी नळी पोटात घुसून मुलांना गंभीर इजा होते. हे दुर्मीळ आहे असं समजून सोडून देऊ नका. ग्रिप फाटून नळीचं तोंड बाहेर आलं असेल तर आज बदला. सीटच्या नळीवर कमीत कमी किती आत राहावी याची रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये.

ब्रेकवर वजनासाठी कात्री चालवायची नाही. मात्र स्वस्त तारेचा डिस्क ब्रेक हा व्ही-ब्रेकपेक्षा भारी असतो, आणि चांगला नसतो. लहान बोटांना तो दाबायला जास्त जोर लागतो. माझ्या अनुभवात नव्या तारा, योग्य लांबीला कापलेलं बाहेरचं कव्हर आणि चांगले गुटके असलेला व्ही-ब्रेक मुलांसाठी सगळ्यात विश्वासाचा. मूठ मात्र व्ही-ब्रेकचीच हवी, कारण तिला तार जास्त ओढावी लागते. जुन्या कॅलिपरची मूठ लावली तर ब्रेक अर्धाच लागतो. आणि एक छोटीशी गोष्ट, जी सगळ्यांनी आज करून बघावी. बऱ्याच ब्रेकच्या मुठीजवळ आतल्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की मूठ हँडलच्या जवळ येते. आमच्या सायकलीवर तो होता आणि दीड वर्ष कुणी हात लावला नव्हता. तो दोन फेरे आत घेतल्यावर मुलीची दोन बोटं पहिल्यांदा पूर्ण वळली. त्याआधी ती उतारावर पाय घासून थांबायची, आणि चपला लवकर झिजतात म्हणून आम्ही तिला रागावत होतो.

खर्चाचा हिशेब सांगतो. सायकल सोसायटीतल्या एका घरातून ३,००० रुपयांना घेतलेली. चिमटा ६००, टायर-ट्यूब १,७००, सीट आणि नळी ८५०, हँडल-स्टेम १,१००, लेथचं काम ४००, फ्रीव्हील ८००, तारा-गुटके ४५०, मिस्त्रीची मजुरी ७००. भंगारातला क्रँक मिस्त्रीनं पैसे न घेता दिला. बदल ६,६०० रुपयांचे, सगळं मिळून ९,६००. सायकल ९.५ किलोंवर आली, म्हणजे तिच्या वजनाच्या ४१ टक्के. ८ किलोंपर्यंत नेता आली असती, पण शेवटचा दीड किलो उतरवायला आधीच्या चार किलोंपेक्षा जास्त पैसे लागले असते. तिथं थांबणं शहाणपणाचं.

हे सगळं एकदम करायची गरज नाही. आधी फुकटची कामं, म्हणजे काढायचं ते काढा, हवा कमी करा, मूठ जवळ घ्या, सीट अशा उंचीला आणा की दोन्ही पायांचे चवडे टेकतील. मग ओव्हरऑइलिंग. छर्रे धुऊन नवं ग्रीस भरलं आणि चाकाचा आऊट काढला की जड सायकलही बरीच हलकी वाटते, कारण तिचं बरंच जडपण घासण्याचं असतं. त्यानंतर पैसे असतील तसे चिमटा, टायर, क्रँक या क्रमानं. आणि नवी सायकल घेणार असाल तर वाढत्या अंगाची घेऊ नका. फ्रॉक वाढत्या अंगाचा चालतो, पायघोळ वाटला तरी मूल पडत नाही. सायकल मोठी झाली तर मूल ब्रेकपर्यंत पोचत नाही, पाय टेकत नाहीत, आणि दोनदा आपटलं की ते सायकलच सोडून देतं. जुनी सायकल घेताना हँडलच्या खालच्या नळीजवळचे वेल्डिंगचे सांधे उजेडात नीट पाहा. अ‍ॅल्युमिनियमला तिथं केसाइतकी चीर दिसली तरी ती सायकल घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

काम झाल्यावर पहिल्या रविवारी मुलगी टेकडीचा पहिला वळसा न उतरता, न ढकलता चढली. वर थांबून तिनं मागे पाहिलं, मी अजून खालीच होतो.

आता ती बारा वर्षांची आहे आणि ती सायकल खालच्या मजल्यावरच्या सात वर्षांच्या मुलाकडे आहे. त्याच्यासाठी फक्त सीट खाली घेतली आणि मुठीचा स्क्रू आणखी एक फेरा आत फिरवला. आपल्या प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशा दोन-चार सायकली पोरं मोठी झाल्यामुळे धूळ खात उभ्या असतात. तुमचीही त्यात असेल, तर भंगारात घालण्याआधी शेजारी कुणाचं मूल त्या मापाचं आहे का, ते एकदा विचारा.